गोल काळा करण्याआधी: पहिल्या उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा

बॅट आणि बॉल मिळून 110 रुपये. बॅट बॉलपेक्षा 100 रुपयांनी महाग. बॉल केवढ्याला?

यूपीएससी पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट या अभियोग्यता पेपरच्या बॅचला मी हे फळ्यावर लिहिते, तेव्हा खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून 'दहा!' ऐकू येतं. उत्तर पाच आहे. मूळ प्रश्न डॉलर-सेंटमधला, निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक शेन फ्रेडरिक यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतला. त्या चाचणीत असले तीनच प्रश्न होते आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या निम्म्याहून जास्त मुलांना तिन्हींची बरोबर उत्तरं देता आली नव्हती. तेव्हा 'दहा' म्हणालात म्हणून स्वतःला ढ समजायचं कारण नाही.

झटपट सुचणारं मन आणि सावकाश हिशेब करणारं मन अशी विभागणी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्यामुळे घरोघरी पोचली. डोक्यात दोन वेगळी यंत्रं बसवलेली नसतात, ही बोलण्याची सोय आहे. आपल्या कामाचं एवढंच की झटपट मनाला आपण चुकलोय हे कळत नाही. 'दहा' म्हणताना मुलाचा आवाज जेवढा ठाम असतो तेवढा 'पाच' म्हणतानाही नसतो.

म्हणून 'नीट विचार कर' हा सल्ला मी कुणाला देत नाही. नीट म्हणजे काय ते कुणालाच माहीत नसतं, आणि यूपीएससीच्या सीसॅटमध्ये 80 प्रश्नांना दोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. सगळीकडे सावकाश जाल तर पेपर अर्धा राहील. त्याऐवजी ताळा करा. गणित पुन्हा सोडवू नका. आलेलं उत्तर प्रश्नात घाला. बॉल 10, मग बॅट 110, बेरीज 120. चुकलं. याला पाच सेकंद लागतात.

आता ताळा कुठे करायचा? काही शब्द दिसले की पेनने अधोरेखित करायची सवय लावा: 'पेक्षा', 'सरासरी', 'टक्के', 'दुप्पट'. जाताना ताशी 60, येताना ताशी 40, सरासरी वेग किती? पन्नास नाही. अंतर 120 किलोमीटर धरा: जायला 2 तास, यायला 3, एकूण 240 भागिले 5, म्हणजे 48. किंमत 20 टक्के वाढवली आणि मग 20 टक्के सूट दिली, तर हजाराची वस्तू 960 ला जाते. दुसरी खूण म्हणजे प्रश्नातल्याच आकड्यांची नुसती बेरीज-वजाबाकी करून सुबक उत्तर निघणं. तुम्हाला पहिलं काय सुचणार हे पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं. 10, 50 आणि 1000 पर्यायांत हमखास दिलेले असतात. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, असं धरून चालू नका.

तर्काच्या प्रश्नांत ताळ्याची पद्धत वेगळी. 'सर्व गुलाब फुलं आहेत. काही फुलं लवकर कोमेजतात. म्हणून काही गुलाब लवकर कोमेजतात.' वर्गातले बहुतेक हात 'बरोबर'ला वर जातात, कारण गुलाब कोमेजतात हे आपण पाहिलंय. इथे आपण तर्क तपासतच नाही, नुसत्या निष्कर्षाला मान डोलावतो. सांगाडा तोच ठेवा आणि शब्द बदला: सर्व कावळे पक्षी आहेत, काही पक्षी गुलाबी आहेत, म्हणून काही कावळे गुलाबी आहेत. आता कुणी हात वर करत नाही! उदाहरण जितकं हास्यास्पद, तितकं चांगलं.

उरलेल्या ठिकाणी मात्र बिनधास्त घाई करा. पाढे, 25 पर्यंतचे वर्ग, शंभरदा सोडवलेली नळ-टाकीची गणितं यांत पहिलं उत्तर बहुधा खरंच असतं. कानमन आणि गॅरी क्लाइन या दोघा मानसशास्त्रज्ञांचं अंतःप्रेरणेवर पटत नसे, तरी 2009 मध्ये त्यांनी एकत्र लेख लिहून मान्य केलं की, ज्या कामात नियमितपणा असतो आणि चूक लगेच कळते, तिथेच अंदाज विश्वासाचा होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की सराव करताना उत्तरसूची त्याच बैठकीत उघडा, रविवारपर्यंत थांबू नका. वहीत दोन रकाने आखा. प्रश्न वाचताच सुचलेलं उत्तर एकात, हिशेबाने आलेलं दुसऱ्यात. महिन्याभरात दिसेल की वेळ-वेगात तुमचा अंदाज फसतो आणि वयवारीत फसत नाही. शेजारच्याचं उलट असेल, म्हणून त्याची वही बघू नका.

एक समजूत मात्र काढून टाका: 'पहिलं सुचलेलं उत्तर कधी बदलू नये.' क्रूगर, विर्ट्झ आणि मिलर या संशोधकांनी 2005 मध्ये विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड मोजली. चुकीचं खोडून बरोबर केलेली उत्तरं ही बरोबर खोडून चुकीच्या केलेल्या उत्तरांच्या सुमारे दुप्पट निघाली. बदलून चुकलेलं उत्तर जास्त झोंबतं, म्हणून तेच लक्षात राहतं.

पण आपल्या ओएमआरवर, म्हणजे मशीनने तपासायच्या उत्तरपत्रिकेवर, काळ्या बॉलपेनने केलेला गोल खोडता येत नाही, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. त्यामुळे बदल करायचा तो प्रश्नपुस्तिकेतच. खात्रीचे गोल जाता जाता भरा. अधोरेखित शब्द असलेल्या प्रश्नापुढे ठिपका द्या आणि ताळा जमेपर्यंत त्याचा गोल रिकामा ठेवा. शेवटची पंधरा मिनिटं फक्त ठिपक्यांसाठी. ज्याचा ताळा तोवरही जमला नसेल, तिथे निदान दोन पर्याय बाद करता आले तरच पेन लावा.