परदेशात भाड्याची गाडी घेताना

आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यासोबतच ग्राह्य असतो, दोन्ही जवळ ठेवा. विम्यात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती भरावं लागेल, तो आकडा आधी विचारा. काच आणि टायर अनेकदा विम्यात धरलेले नसतात. ताबा घेताना चारही बाजू, रिम आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ काढा.

डावीकडून चालवायची सवय असेल आणि देश उजवीकडून चालवणारा असेल, तर चूक बहुधा गर्दीत होत नाही. तिथे पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर येताना. म्हणून प्रत्येक वळणावर स्वतःला बजावा: चालकाची बाजू रस्त्याच्या मध्याकडे. रस्ता ओलांडणारे आणि सायकलवालेही अनपेक्षित बाजूने येतात, तेव्हा दोन्हीकडे पाहा. लांबच्या विमानप्रवासानंतर मात्र त्याच दिवशी स्टिअरिंग हातात घेऊ नका.