मुलांसाठी स्वस्त टॅब घेताय? खोका नंतर बघा, आधी घरातली रेंज बघा

अनंत चतुर्दशी झाली की माझ्या दुकानात टॅबचा सीझन सुरू होतो. विक्रीचा नाही, दुरुस्तीचा. गणपतीला आलेले चाकरमानी पुतण्या-भाच्यांसाठी हौसेने टॅब आणतात. विसर्जनापर्यंत त्यावर कार्टून चालतं. मुंबईकर परतीच्या गाडीत बसले की दोन आठवड्यांत घरातली वहिनी तो कापडी पिशवीत घालून दापोलीला माझ्या टेबलावर आणून ठेवते. "भाऊ, क्लासमध्ये बाईंचा आवाज येतो, पण बाई दिसत नाहीत."

लॉकडाऊन संपला तरी ऑनलाइन अभ्यास काही संपलेला नाही. जुलैत रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात आणि गुरुजी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय टाकतात. शिष्यवृत्ती आणि नवोदयची शिकवणी पुण्यातले सर स्क्रीनवरून घेतात. तेव्हा टॅब घ्याच, पण माझ्याकडे ज्या चुका रोज येतात त्या तुमच्या घरी येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

खोक्यावरचे आकडे खरे मानू नका

गेल्या वर्षी आलेल्या एका टॅबच्या खोक्यावर होतं: १२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, दहा इंची स्क्रीन. किंमत साडेपाच हजार. सेटिंगमध्ये गेलो तर तिथेही तेच आकडे. मागचं झाकण काढलं आणि भिंगाखाली मेमरीच्या चिपवरचा नंबर वाचला. रॅम, म्हणजे चालू अ‍ॅपसाठीची जागा, २ जीबी; स्टोरेज, म्हणजे साठवायची जागा, ३२. म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच खोटे आकडे भरून ठेवलेले. त्या घरातल्या पोरीने पावसाळाभर धडे डाउनलोड करून ठेवले होते. नावं सगळी दिसायची, पण अर्धे व्हिडिओ उघडायचेच नाहीत. जागाच नव्हती, तर राहणार कुठे?

तुम्हाला झाकण उघडायची गरज नाही. टॅब हातात आला की पहिल्याच दिवशी, परत करायची मुदत संपायच्या आत, तीन गोष्टी करा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबा, सेटिंग्ज आणि मग 'अबाउट'मध्ये जा. तिथे 'प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन', म्हणजे टॅबला गुगलची मान्यता आहे का, ते दिसेल. डिव्हाइस सर्टिफाइड नाही असं लिहिलं असेल तर टॅब परत करा. दुसरं, मागच्या बाजूला किंवा खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं. तिसरी परीक्षा सगळ्यात पक्की: जेवढी जागा मोकळी दाखवतोय तेवढे व्हिडिओ त्यात भरा आणि शेवटी टाकलेला व्हिडिओ उघडून बघा. आकडा खोटा असेल तर तिथे उघडा पडतो.

नामांकित कंपन्याही थोडी चलाखी करतात, पण ती निदान लिहून. "८ जीबी" असं मोठ्याने छापतात आणि खाली बारीक अक्षरात '४ + ४'. त्यातले दुसरे चार म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. ती खऱ्या रॅमच्या वेगाने चालत नाही. दुकानदाराला सरळ विचारा, खरी रॅम किती? मीट किंवा झूम चालू ठेवून मुलाला मध्येच वहीची पीडीएफ उघडायची असेल तर खरी ४ जीबी हवीच. स्टोरेज ६४ घ्या. ३२ मधली बरीच जागा अँड्रॉइड स्वतःच खातं, उरलेली शाळेच्या ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ'ने भरते. हे सगळं १० ते १५ हजारांत मिळतं. त्याच्या निम्म्या किमतीत कोणी नवा, मोठा, भरपूर रॅमचा टॅब देत असेल तर तो दानधर्म करत नाही.

हॉटस्पॉट बोटीवर जातो

आमच्या किनाऱ्यावरची ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. फक्त वायफायवाला टॅब सिमवाल्यापेक्षा साधारण दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो. घरी ब्रॉडबँड असेल तर तोच घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. पण ब्रॉडबँड नसलेल्या घरातले लोक म्हणतात, "बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट आहे की." बाबा हर्णैच्या बोटीवर. बोट गेली की चार-चार दिवस नाही, आणि फोन बाबांच्या खिशात. आईचा साधा बटणांचा. म्हणजे टॅब आहे, पॅक आहे, आणि क्लास बुडतोय! असं एक घर नाही, माझ्या ओळखीतच पाच-सहा आहेत. बाबा रिक्षावर असोत की बागेत फवारणीला, गोष्ट तीच. म्हणून टॅब घ्यायच्या आधी एकच विचारा: क्लासच्या वेळी हॉटस्पॉटवाला फोन घरात असतो का? नसेल तर सिमवाला टॅब घ्या.

सिमवाला घेताना कोणतं सिम हे दुकानदाराला नाही, घराला विचारा. शेजाऱ्यांची वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं मागून घ्या आणि एकेक फोनमध्ये घालून ओटी, माजघर, पडवी, खळं असे फिरा. नुसत्या दांड्या मोजू नका, पाच मिनिटं व्हिडिओ चालवून बघा. तेही क्लासच्या वेळेलाच, कारण संध्याकाळी सातला सगळा गाव एकाच टॉवरवर असतो आणि दांड्या भरलेल्या असूनही चाक फिरत राहतं.

गावात फक्त बीएसएनएलचा टॉवर असेल तर आणखी एक बघा. त्यांचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, त्याला 'बँड २८' म्हणतात. बऱ्याच स्वस्त टॅबच्या यादीत हा आकडा नसतो. कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या माहितीत एलटीई (म्हणजे ४जी) बँडची ओळ असते, त्यात २८ शोधा. आणि काही टॅबमध्ये सिम नुसतं डेटासाठी असतं, फोन लागत नाही, हेही आधीच विचारून घ्या.

रेंज खळ्यात आहे आणि मूल माजघरात बसतं, असं असेल तर? जांभ्याच्या हातभर जाड भिंती सिग्नल गिळतात. माझा एक गिऱ्हाईक फोन कापडी पिशवीत घालून पडवीच्या वाशाला टांगतो, हॉटस्पॉट चालू करतो, आणि पोरगा आत भिंतीला टेकून बसतो. हसू नका, ही युक्ती चालते. फक्त हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ असेल तर तो २.४ करा, कारण २.४ भिंतीतून जास्त चांगला जातो. फोनवर ऊन आणि पागोळ्या येणार नाहीत एवढं बघा. मीटच्या सेटिंगमध्ये डेटा कमी वापरायचा पर्याय आहे, तो चालू करा आणि यूट्यूबची क्वालिटी ४८०च्या वर नेऊ नका, म्हणजे दीड जीबीचा रोजचा पॅक दुपारीच संपणार नाही.

ऑनलाइनचा टॅब, पण ऑफलाइनची तयारी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर थोडा वेळ तग धरतात, मग तेही गप्प. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. एवढं मोठं वादळ नसलं तरी पावसाळ्यात तारेवर फांदी पडायला वेळ लागत नाही.

म्हणून मे महिन्यातच, वायफाय असलेल्या एखाद्या पाहुण्याकडे बसून, टॅब भरून ठेवा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपने स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ येतात आणि ते अ‍ॅपमध्येच डाउनलोड करून नेटशिवाय बघता येतात. फक्त एकदा विमान मोडवर टाकून उघडून बघा. डाउनलोड झालंय असं वाटतं आणि नसतं, हे पाऊस पडल्यावर कळून उपयोग नाही.

पुस्तकाचं पान वाचायचं तर स्क्रीन कुठली? चौथीपर्यंत साडेआठ-पावणेनऊ इंच पुरे, हातात मावतो आणि हातातून कमी निसटतो. पुढच्या वर्गांना दहा-अकरा इंच बरा, नाहीतर गणिताचं पान सारखं बोटांनी मोठं करावं लागतं. जास्त वेळ बसवायची मात्र गरज नाही. केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांमध्येही पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती.

भूत, मीठ आणि चार्जर

मध्यंतरी एक आजी नातवाला घेऊन आल्या. टॅब आपोआप टाईप करतो, आपोआप यूट्यूब उघडतो, एकदा तर क्लासमध्ये बाईंना आपोआप हात वर केला. आजी देवळात गाऱ्हाणं घालायच्या बेतात होत्या. मी विचारलं, "कधी होतं? चार्जिंगला लावल्यावर?" पोरगा म्हणाला, "हो, तेव्हाच." चार्जर बघितला तर बाजारातला ऐंशी रुपयांचा. असल्या चार्जरमधून येणारी गढूळ वीज टचला बोटासारखी वाटते. कंपनीचा चार्जर लावला, भूत गेलं. आजींना तरी माझ्यापेक्षा गाऱ्हाण्यावरच जास्त विश्वास, तो भाग वेगळा.

हल्ली काही टॅबच्या खोक्यात चार्जरच नसतो. त्यामुळे बजेट ठरवताना चांगला चार्जर आणि कव्हर धरून ठरवा.

समुद्रकाठी टॅब मरतो तो बहुतेक वेळा चार्जिंग पिनेतून. भिंगाखाली बघितलं की आत हिरवी बुरशीसारखी पूड दिसते. ती बुरशी नसते, तांबं गंजलेलं असतं. हवेत मीठ, हाताला घाम, आणि ओलसर पिनेत चार्जर खुपसला की वीज त्या ओलाव्यातून जाऊन पिना खाते. टॅबने ओलाव्याची सूचना दाखवली तर चार्जर काढा आणि पंख्याखाली दोन-चार तास ठेवा. फुंकर मारू नका, तोंडातून पुन्हा ओलावाच जातो. तांदळाच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका. माझ्याकडे पिनेतून तांदळाची पिठी काढायची वेळ येते.

रात्री टॅब झाकणाच्या डब्यात, बुटाच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत ठेवा. चार्जिंग मात्र डब्यात नाही, उघड्यावर. चामड्यासारखं दिसणारं फ्लिप कव्हर श्रावणात पांढरं पडतं, त्यापेक्षा रबराचं जाड कोपऱ्यांचं घ्या. आणि जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडायला लागलं की चार्जर सॉकेटमधून उपटूनच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

दुरुस्ती कुठे होणार?

वॉरंटी एक वर्षाची, पण टॅब न्यायचा कुठे? बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी म्हणजे टॅब तुम्हीच सेंटरला नेऊन द्यायचा. ते सेंटर रत्नागिरीत की कोल्हापूरला की थेट पनवेलला, हे घेण्याआधी कंपनीच्या साइटवर बघा. दोन फेऱ्यांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर वाचलेले हजार रुपये तिथेच जातात. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. अनोळखी नावाच्या टॅबचा कॉम्बो, म्हणजे टचसकट डिस्प्ले, मलाही मिळत नाही. फुटला की टॅब संपला. नामांकितचा मिळतो, पण तोही अनेकदा टॅबच्या निम्म्या किमतीला.

जुना घेणार असाल तर

जुना टॅब घेणं वाईट नाही, मीच विकतो. पण पहिल्या मालकाचं गुगल अकाउंट त्याच्यासमोर काढून घ्या. तसंच रिसेट मारलं तर टॅब जुना ईमेल आणि पासवर्ड मागतो, आणि तो पासवर्ड ठाण्याच्या भाच्याला आठवत नसतो. सिमवाला असेल तर सेटिंगमधून आयएमईआय, म्हणजे त्या टॅबचा ओळख नंबर, काढा आणि इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो १५ आकडी नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवा. नंबर खरा आहे का, काळ्या यादीत आहे का, ते उत्तर येतं. क्लासचं अ‍ॅप त्या टॅबच्या अँड्रॉइडवर चालतं का, हे पैसे देण्याआधी तिथेच टाकून बघा.

शेवटची परीक्षा फुकटची आहे. टॅब काचेच्या टेबलावर उताणा ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटाने ढकला. भोवऱ्यासारखा गरकन फिरला तर पाठ फुगलेली आहे, म्हणजे आतली बॅटरी फुगली. असा टॅब कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घरातलाच फुगला असेल तर चार्जिंग बंद करा, दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचू नका, आणि पोरांच्या अंथरुणापासून लांब, फरशीवर ठेवून दुसऱ्या दिवशी घेऊन या.