ऑब्सिडियनमध्ये टॅब कधी आणि स्प्लिट कधी

सोलापुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीच पोरं आता नोट्स लॅपटॉपवर घेतात आणि त्यात ऑब्सिडियन हे नोट्सचं अ‍ॅप वापरणारे वाढलेत, फुकट आहे, फाइली आपल्याच मशीनवर साध्या टेक्स्टमध्ये राहतात, नेट गेलं तरी काम चालू. पण बहुतेकजण एकच नोट उघडतात, ती बंद करून दुसरी, परत पहिली, असं दिवसभर चालू असतं. टॅब 2022 मध्ये 1.0 व्हर्जनला आले, तेव्हापासून याची गरजच नाही बघा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जे नंतर बघायचंय ते टॅबमध्ये, आणि जे दोन्ही आत्ता एकदम डोळ्यासमोर पाहिजे ते स्प्लिटमध्ये, म्हणजे स्क्रीनचे भाग करून शेजारी शेजारी. हे कळलं की बाकी फक्त बटणं आहेत.

टॅबचं सोपंय. कंट्रोल+टी ने नवीन टॅब, कंट्रोल+डब्ल्यू ने बंद, चुकून बंद झाला तर कंट्रोल+शिफ्ट+टी ने परत येतो. नोटमधल्या लिंकवर कंट्रोल धरून क्लिक केलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते, हातातली नोट हलत नाही. कंट्रोल+ओ ने नोट शोधताना नुसतं एंटर न मारता कंट्रोल+एंटर मारा, तेच होतं.

आता स्प्लिट, खरी मजा इथंय. समजा तुम्ही 1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर उत्तर लिहायलालाय. डाव्या बाजूला घटनाक्रमाची नोट, म्हणजे मे 1930 मधली गडबड, लष्करी कायदा, मग 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी. उजव्या बाजूला तुमचं उत्तर. तारखा समोर दिसतात, त्यामुळं आठवणीवर विसंबून लिहायची वेळ येत नाही, आणि चार हुतात्म्यांची नावं तरी आपल्या गावच्या पोरानं चुकवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

करायचं कसं, तर टॅबवर राइट क्लिक करून स्प्लिट राइट निवडा, वरखाली पाहिजे तर स्प्लिट डाउन. सुरुवातीला दोन्हीकडं तीच नोट दिसेल, घाबरू नका, एका बाजूला क्लिक करून दुसरी नोट उघडा. किंवा टॅब माउसनं धरून उजव्या कडेला ओढा, अर्धा भाग रंगीत झाला की सोडा. लिंक असेल तर कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून क्लिक, थेट शेजारी उघडते.

तीच नोट दोन्हीकडं ठेवण्याचाही उपयोग आहे, लांबलचक नोट असली की एकीकडं वरचा भाग आणि दुसरीकडं खालचा, एकीकडं बदललं की दुसरीकडं लगेच बदलतं. कंट्रोल+ई दाबून एक बाजू वाचायच्या रूपात ठेवली तर अजून बरं.

डावी नोट कायम ठेवायची असेल तर तिला पिन करा, राइट क्लिकमध्येच आहे. मग तिच्यातली लिंक दाबली तरी ती जागची हलत नाही, नवीन टॅब उघडतो. हे न केल्यामुळं लोकांची संदर्भाची नोट सारखी गायब होते आणि ते स्प्लिटलाच नावं ठेवतात.

तीनपेक्षा जास्त भाग मात्र करू नका, छोट्या लॅपटॉपवर प्रत्येक ओळीत चार शब्द मावतात आणि वाचणंच होत नाही. फारच टॅब झाले तर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या खाली बाण असलेल्या बटणात स्टॅक टॅब्ज आहे, सगळ्या नोट्स सरकत्या पट्ट्यांसारख्या एकामागं एक लागतात.

आणि रोज तीच मांडणी लागत असेल, इतिहासाची वेगळी, चालू घडामोडींची वेगळी, तर सेटिंगमध्ये कोअर प्लगिन्समध्ये जाऊन वर्कस्पेसेस चालू करा, मांडणीला नाव देऊन सेव्ह करा, पुढच्या वेळी नाव निवडलं की सगळं जिथल्या तिथं. फोनवर स्प्लिटच्या नादी लागू नका, तिथं टॅबच वापरा.