जुनी शेअर सर्टिफिकेटे: जमवावी कशी, जपावी कशी

आजोबांच्या ट्रंकेत एखादे पिवळे पडलेले शेअर सर्टिफिकेट सापडले, की संग्रहाचा विचार करण्याआधी त्या कागदात अजून पैसा आहे का, हे तपासावे. कंपन्यांची नावे बदलतात. टेल्कोची २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली आणि टिस्कोची २००५ मध्ये टाटा स्टील. म्हणून जुन्या नावाचा माग काढून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची सद्यःस्थिती पाहावी. कंपनी चालू असेल तर सर्टिफिकेट घेऊन वारसांनी तिच्या शेअर रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, जावे. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर कायद्याने गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, पण रीतसर दावा करून ते परत मिळवता येतात.

संग्रहासाठी खरी मौज बंद पडलेल्या कंपन्यांच्या कागदांत आहे. मुंबईच्या कापडगिरण्या, आगबोट कंपन्या, संस्थानी काळातले कारखाने, जुन्या बँका यांपैकी एकच विषय धरावा, नाहीतर दोन वर्षांत नुसता ढीग साचतो. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि नाणी-तिकिटांची प्रदर्शने येथे असे कागद मिळतात. ‘कंपनी चालू आहे, नावावर करून घ्या’ असे सांगून कोणी जादा भाव मागितला, तर सरळ पुढे जावे. वारसाहक्कासारखे अपवाद वगळता सूचीबद्ध कंपन्यांच्या कागदी शेअरांचे हस्तांतर १ एप्रिल २०१९ पासून बंद आहे.

विकत घेण्यापूर्वी कागद भिंगाखाली धरावा. रंगीत झेरॉक्समध्ये नक्षी बारीक ठिपक्यांची दिसते, तर खऱ्या सर्टिफिकेटवर पेनाची शाई कागदात मुरलेली असते आणि कंपनीचा उठावाचा शिक्का बोटाला लागतो. मग कागद उलटावा. नवखे लोक पुढच्या वेलबुट्टीवर भुलतात, पण शेअर कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या तारखेला गेला, याची नोंद बहुधा मागे असते, आणि माझ्या मते अर्धी किंमत त्या नोंदींची आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा १६०६ सालचा शेअर २०१० मध्ये नेदरलँड्समधील हॉर्न येथील अभिलेखागारात सापडला, तेव्हा त्यावरच्या लाभांशाच्या नोंदींनाही तितकेच महत्त्व आले.

जपणुकीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे लॅमिनेशन. आमच्याच घरातल्या एका गिरणीच्या सर्टिफिकेटला ‘टिकावे’ म्हणून कोणीतरी ते करून आणले. उष्णतेने उठावाचा शिक्का सपाट झाला, महसुली तिकीट तपकिरी पडले, आणि आता ते प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. चिकटपट्टीही तशीच घातक, कारण तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात उतरतो.

गंजलेली टाचणी ओढून काढू नये. कागद पालथा घालून स्टेपल पिनेच्या दुमडलेल्या पायांखाली पॉलिएस्टरचा पातळ तुकडा सरकवावा, त्याच्या आधाराने एकेक पाय सरळ करावा आणि मगच कागद उलटून पिन वर उचलावी. घड्या मोडण्यासाठी इस्त्री किंवा वाफ वापरू नये, त्याने शाई फुटते. दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचे वजन आठवडाभर राहू द्यावे. रद्द करताना पाडलेली भोके बुजवू नयेत, तो कागदाच्या इतिहासाचाच भाग आहे.

त्यानंतर प्रत्येक सर्टिफिकेट पीव्हीसीच्या नव्हे, पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लमुक्त कागदाच्या आधाराने, आडवे ठेवावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळा हीच खरी परीक्षा: पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, सिलिका जेलच्या पुड्या कागदाला न लागतील अशा ठेवाव्यात आणि पाऊस सरल्यावर सगळे कागद सावलीत उघडून कसर व वाळवी पाहावी. भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत प्रत लावावी, मूळ कागद अंधारातच बरा.

दोन्ही बाजू स्कॅन करून घ्याव्यात आणि कागद कोठून, कधी, कितीला आला याची वही ठेवावी. क्रमांक मात्र पाकिटावर लिहावा, सर्टिफिकेटवर नाही. परदेशी नातेवाइकांना भेट पाठवताना जपून असावे, कारण ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मूल्य असलेला दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतो आणि तसा तो खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.