पगार डॉलरमध्ये, भाडं युरोमध्ये: जर्मनीतल्या तळावर नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकी सैन्यात असलेल्या आणि रामश्टाइन, कायझर्सलाउटर्न किंवा ग्राफेनवोअरकडे पहिलीच पोस्टिंग मिळालेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिलं आहे. पगार पूर्वीसारखाच डॉलरमध्ये, अमेरिकेतल्या खात्यात, १ आणि १५ तारखेला जमा होतो. त्या दिवशी सुटी असेल तर आधीच्या कामकाजाच्या दिवशी. भाडं, वीज, पेट्रोल, शाळेची सहल हे सगळं मात्र युरोत. या दोन चलनांमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत बरेच पैसे गळतात, आणि त्यातले बहुतेक वाचवता येतात.

आल्या आल्या फायनान्स ऑफिसची नोंदणी पूर्ण करा. कुटुंब सोबत आलं असेल तर अमेरिकेतला घरभाडे भत्ता, म्हणजे बीएएच, बंद व्हायला हवा. कागद कुठे अडकले तर तो चालूच राहतो. खात्यात जास्त पैसे दिसले म्हणून ते खर्च करू नका: जादा गेलेली रक्कम तुमच्या नावावर कर्ज म्हणून लागते आणि नंतरच्या पगारातून कापली जाते, तीही नेमकी डिपॉझिट, फर्निचर, गाडी असे खर्च अंगावर असताना. म्हणून पहिले तीन महिने मायपे या पगाराच्या संकेतस्थळावरचं पगारपत्रक, म्हणजे एलईएस, उघडून डावीकडची भत्त्यांची यादी एकेक ओळ तपासा. बीएएच बंद झाला का, कोला, म्हणजे परदेशातल्या महागाईचा भत्ता, सुरू झाला का, अवलंबितांची संख्या बरोबर आहे का? चूक दिसली तर त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि प्रत जवळ ठेवा.

घर मिळेपर्यंत हॉटेलात राहण्यासाठी टीएलए हा तात्पुरत्या निवासाचा भत्ता मिळतो, साधारण ६० दिवसांपर्यंत. हॉटेलची प्रत्येक पावती जपा आणि दावा वेळच्या वेळी भरा. साठवून ठेवलात तर क्रेडिट कार्डाचं बिल आधी येतं आणि भरपाई मागून.

आता घरभाडं. इथे मिळणारा परदेशातला घरभाडे भत्ता, म्हणजे ओएचए, ठोक रकमेचा नसतो. हुद्दा, कुटुंब आणि ठिकाण यांवर कमाल मर्यादा ठरते आणि तिच्या आत जे खरं भाडं असेल तेवढंच मिळतं. मर्यादा १,५०० युरोइतकी असताना १,२०० चं घर घेतलंत तर १,२०० च मिळतील, उरलेले ३०० तुमचे होत नाहीत. वीज-पाणी-हीटिंगचा भत्ता वेगळा आणि ठरावीक असतो. जर्मन घरमालक जाहिरातीत काल्टमीटं, म्हणजे नुसतं भाडं, मोठ्या अक्षरात लिहितात. त्यावर नेबेनकोस्टन, म्हणजे पाणी-हीटिंगसारखे जादा खर्च, येतात, आणि वर्षअखेरीच्या हिशेबात हीटिंग जास्त वापरलं असेल तर फरक भरावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात हा आकडा बहुतेकांना महाग पडतो, म्हणून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढाच.

करार सही करण्याआधी हाउसिंग ऑफिसला दाखवा. ओएचएसाठीचा डीडी २३६७ हा फॉर्म तिथूनच पुढे जातो आणि त्यावर भाडं युरोमध्ये लिहिलेलं असतं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंइतकं असतं आणि ते तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. एकदम द्यायचं असेल तर ओएचएची आगाऊ रक्कम मागता येते. ती पुढे पगारातून वळती होते.

दराचा हिशेब असा: भाडं १,२०० युरो. एका युरोला १.०८ डॉलर असताना ते १,२९६ डॉलर होतं, १.१५ झाल्यावर १,३८०. हे ८४ डॉलर तुमच्या खिशातून जाऊ नयेत म्हणून ओएचए दरानुसार बदलतो. पण सरकार धरतं तो दर आणि बँक तुम्हाला ज्या दराने युरो विकते तो, हे दोन वेगळे असतात. तीन सेंटांचा फरक असला तरी महिन्याला ३६ डॉलर जातात. म्हणून तळावरच्या बँकेचा किंवा क्रेडिट युनियनचा दर विचारून, युरोत थेट ट्रान्सफर करता येईल असंच खातं उघडा.

भाडं चेकने घेत नाहीत. घरमालकाचा आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, लागतो: डीईने सुरू होणारी एकूण २२ अक्षरं-आकडे. डाउअरआउफट्राग, म्हणजे दरमहा आपोआप पैसे पाठवण्याची बँकेला दिलेली सूचना, लावून ठेवा आणि कारणाच्या रकान्यात तुमचं नाव, घराचा पत्ता आणि ‘मीटं’ असं लिहा. दुकानात किंवा एटीएमवर मशीन ‘डॉलरमध्ये की युरोमध्ये?’ विचारतं, तेव्हा नेहमी युरोच निवडा. डॉलर निवडलेत की दर मशीनवाला लावतो. परदेशी व्यवहारावर शुल्क न घेणारं कार्ड आणलं नसेल तर प्रत्येक खरेदीवर १ ते ३ टक्के जातात.

फर्निचरसारखी मोठी खरेदी असेल तर १९ टक्के मूल्यवर्धित कर वाचतो, पण व्हॅट फॉर्म, म्हणजे या करातून सूट देणारा फॉर्म, आधी काढलेला असावा लागतो. बिलाची तारीख फॉर्मच्या आधीची असेल तर सवलत गेलीच. दुकानदारावर सक्ती नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारा.

कोलाला पगारवाढ समजू नका. डॉलर वधारला की तो कमी होतो, कधी एका पगारातून दुसऱ्या पगारात. बायको-मुलं सुटीत दोन महिने भारतात जाणार असतील तर ३० दिवसांनंतर त्यांच्या वाट्याचा कोला थांबतो. फायनान्सला कळवलं नाही तर ती रक्कम नंतर वसूल होते.

तुम्हाला दुसरीकडे पाठवलं आणि जोडीदार तळावर एकटा राहणार असेल, तर निघण्यापूर्वी मुखत्यारपत्र करून द्या. त्याशिवाय फायनान्स ऑफिस पगाराबद्दल त्याच्याशी बोलणार नाही. युद्धक्षेत्रात पाठवलं गेलं तर सलग ३० दिवसांनंतर एसडीपी बचत योजनेत १०,००० डॉलरपर्यंत ठेवता येतात, वार्षिक १० टक्के व्याजाने. परतल्यावर ९० दिवसांनी व्याज बंद होतं, तेव्हा पैसे काढायला विसरू नका.

आणि भारतातली खाती. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो, ग्रीन कार्ड असणाऱ्यांनाही. त्यात जर्मन बँकेतलं खातं येतं, तसंच गावाकडची मुदत ठेव आणि आईसोबतचं जोडखातंही येतं.