रस्ता करण्याआधी पाण्याची वाट बघा

रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात माझी तीस वर्षं गेली. आता गावाकडची पोरं येऊन विचारतात, "काका, आमचा रस्ता मंजूर झालाय, उभं राहून नेमकं बघायचं काय?"

डांबराकडं शेवटी बघा. आधी एक जोराचा पाऊस होऊ दे, छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठनं येतंय, कुठं तुंबतंय, कुणाच्या कंपाऊंडला अडतंय ते बघा. तिथं गटार नाहीतर मोरी, म्हणजे रस्त्याखालनं पाणी काढायची वाट, पाहिजे. फोटो काळ्याभोर रस्त्याचा निघतो, गटाराचा निघत नाही, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री गटारालाच लागते.

हे मी स्वतः ठेचकाळून शिकलोय. शिरोळ भागात उसाच्या रानातनं एक पाणंद रस्ता केला. काळी माती, भिजली की फुगणार, वाळली की भेगाळणार. शेतकऱ्यांनी पाटाचं पाणी पलीकडं न्यायला आडवा पाईप मागितला. मी म्हटलं, बघू नंतर. दिवाळीनंतर त्यांनी कडेनंच चर मारून पाणी फिरवलं, त्याच टायमाला कारखाने चालू झाले आणि भरलेल्या ट्रॉल्या त्याच वाटेनं. मार्चपर्यंत दोन्ही चाकोऱ्या चार-चार बोटं खाली. एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं, हे आमचे साहेब सांगायचे, ते त्या दिवशी डोळ्यानं दिसलं.

म्हणून काळ्या रानात फूट-दीड फूट माती उपसून टाका आणि मुरूम भरा, तोही थराथरानं. मुरुमात पाणी किती मारायचं? मूठभर घेऊन आवळा. गोळा झाला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये, आणि खाली टाकला की दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, चिखलासारखा चिकटला तर जास्त.

वर खडी. १० सेंटीमीटर पसरली की रोलरखाली साडेसात व्हायला पाहिजे. रोलर कडेकडनं मधे आणायचा. वळणावर आतल्या, म्हणजे सखल बाजूनं सुरू करायचा. दबाई पुरी झाली का, हे बघायला एक सुटी खडी रोलरपुढं टाका. ती फुटली तर थर बसला. आत रुतली तर ड्रायव्हरला चहा पाजा आणि परत फिरवायला लावा.

मधला उंचवटा मोजायला विसरू नका. तीन मीटरच्या रस्त्याला मधोमध पावणेचार सेंटीमीटर तरी पाहिजे. दोन्ही कडांना १० सेंटीमीटरचे ठोकळे ठेवून दोरी ताणा; मधोमध दोरीखाली सव्वासहा उरले पाहिजेत. दहा उरले तर रस्ता सपाट झालाय, पाणी वरच बसणार.

हॉटमिक्सची, म्हणजे गरम खडी-डांबराच्या मालाची गाडी ताडपत्री घालूनच आली पाहिजे. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल अंथरताना १४० अंशांच्या आसपास गरम असावा, आणि ९० च्या खाली जायच्या आत दबाई संपावी. मालातनं निळा धूर निघाला तर डांबर जळालंय, गाडी परत पाठवा. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी काम नको, कुणाचंही उद्घाटन असू दे.

आता खड्डे. खड्ड्यात खडी-डांबर ओतून फावड्यानं थोपटायचं, याला बुजवणं म्हणत नाहीत. कडा सरळ उभ्या कापून चौकोन करा, घट्ट भाग लागेपर्यंत सगळं सैल काढा, ब्रशनं धूळ झाडा. मग इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, मारा. ते तपकिरी असतं. काळं पडेपर्यंत थांबायचं. नेमकं इथंच सगळ्यांना घाई होते. मग थराथरानं भरून दाबा. ऐन पावसात हॉटमिक्स चालत नाही, तेव्हा कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता भरायचा माल, वापरा आणि उघडीप मिळाली की पक्कं करा.

बाकी देखभाल फावड्याची. साईडपट्टीवर माती आणि गवत साचून ती रस्त्यापेक्षा उंच होते, मग पाणी गटारात उतरतच नाही. मे महिन्यात ती तासायची, मोऱ्या उपसायच्या. आमच्या गल्लीत हे मीच करतो. शेजारचे म्हणतात, काका अजून ड्युटीवर आहेत.