बूथच्या आकड्यांवरून गावाचा कल कसा काढायचा

पारावर बसून कल सांगायला काही लागत नाही. कागदावर काढायचा तर तीन गोष्टी हाताशी हव्यात: बूथच्या भागाची मतदार यादी, नमुना १७-सी आणि नमुना २०. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सीची प्रत हजर पोलिंग एजंटांना देतो. बूथवर नावं किती आणि मतं किती पडली, ते त्यात असतं. कोणाला किती मिळाली ते बूथवार नमुना २० मध्ये दिसतं, आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. टपाली मतं बूथवार नसतात, त्यामुळे ती बाजूला ठेवा.

आधी बूथ क्रमांक तपासा. दोन निवडणुकांमध्ये क्रमांक सरकतो, एखादी वाडी शेजारच्या बूथला जोडली जाते. जुना ११२ आणि नवा ११२ एकच असेल असं धरून चालू नका. यादीच्या पहिल्या पानावरची वस्त्यांची नावं जुळवा.

आता टक्का. समजा यादीत ११४० नावं आहेत आणि ७४१ मतं पडली, म्हणजे ६५ टक्के. आता जुन्याजाणत्या दोघातिघांना, शक्यतो वेगवेगळ्या आळीतल्या, सोबत घेऊन यादी नावानिशी वाचा. ३८ मयत, ५२ कायमचे गेलेले किंवा दुबार निघाले, की उरले १०५०. त्यातले १६० पुण्या-मुंबईला. त्यांच्यातले ६० जण गाडी करून आले असतील, तर गावात राहणाऱ्या ८९० पैकी ६८१ जणांनी मत दिलं: साडेशहात्तर टक्के. ‘आमच्या गावात लोक मतदानाला उतरतच नाहीत’ ही तक्रार निम्म्या वेळा यादीची असते, लोकांची नसते. मयतांची नावं नमुना ७ भरून कमी करता येतात, पण घरचे तेवढ्यासाठी हेलपाटा घालत नाहीत. ऊसतोडीच्या गावांत तारीखही बघा: २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, तेव्हा गाळप हंगाम सुरू झाला होता. किती टोळ्या निघून गेल्या होत्या ते मुकादमाला विचारा.

कल काढताना टक्केवारीच्या आधी मतांचा आकडा लिहा. समजा एका पक्षाला लोकसभेला ५६० पैकी ३०८ मतं, म्हणजे ५५ टक्के. विधानसभेला ७४१ पैकी ३४८, म्हणजे ४७. ‘गाव फिरलं’ म्हणून बोंब होते, पण त्या पक्षाची मतं ४० ने वाढलीच आहेत. वाढीव १८१ मतांपैकी १४१ बाकीच्यांकडे गेली, एवढंच हे आकडे सांगतात. नवे कोण आले, हा प्रश्न इथून सुरू होतो.

२०१९ चा ‘शिवसेना’ किंवा ‘राष्ट्रवादी’ रकाना २०२४ च्या एकाच रकान्याशी जोडू नका. दोन्ही पक्षांचे दोन-दोन तुकडे झाले आहेत. चिन्हांचा घोळही बघा. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली आणि तुतारीवाला उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. अनोळखी अपक्षाला बूथवर अचानक पंचवीस-तीस मतं दिसली, तर त्याचं चिन्ह कशासारखं दिसतं ते आधी पाहा.

ग्रामपंचायतीचे आकडे मात्र वेगळ्या वहीत. तिथे पक्षाची चिन्हं नसतात, पॅनल असतात, आणि समोरासमोरची दोन्ही पॅनल एकाच पक्षाची असू शकतात. प्रभागात तीन जागा असतील तर प्रत्येक मतदाराची तीन मतं, म्हणून पॅनलच्या बेरजेला तीनने भागा. भावकीसाठी एक मत इकडे, दोन तिकडे हे सर्रास चालतं, त्यामुळे हा आकडा ढोबळच. थेट सरपंचाचं मत जास्त कामाचं, कारण सगळं गाव एकाच जागेसाठी मत देतं. पण थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत तो आकडा शोधू नका. बिनविरोध झालेल्या प्रभागाची जागा कोरी ठेवा, शून्य लिहू नका.

माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी आठवत असेल. २०२४ मध्ये मतदारसंघ जिंकलेल्या उमेदवाराला गावात ८४३ आणि पडलेल्याला १,००३ मतं निघाली, आणि गावातल्या काहींनी मतदान यंत्रावर संशय घेऊन स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायची तयारी केली. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. तुमच्या गावात असा संशय आला तर पहिलं काम स्वस्त आहे: प्रत्येक बूथच्या १७-सीवरची एकूण मतं नमुना २० मधल्या ‘नोटा’सकट बेरजेशी ताडून बघा. त्यासाठी १७-सीची प्रत हवी, आणि ती मिळवायची तर एजंटाला यंत्र सील होईपर्यंत बूथवर बसावं लागतं. बरेच जण जेवायच्या वेळेलाच उठून जातात.